पहिला चेनसॉ: बार किती इंची घ्यावा

दुकानात शिरलं की काउंटरवर सगळ्यात पुढे मांडलेला असतो तो बावीस इंची बारचा चेनसॉ, खोक्यावर ५८ सीसी (इंजिनाचं आकारमान) लिहिलेला. बार म्हणजे ज्याच्या कडेने चेन फिरते ती लांब पट्टी. त्याच्या शेजारचा सोळा इंची खेळण्यासारखा दिसतो. आंबा-काजू-नारळाच्या बागेसाठी पहिलंच मशीन घ्यायला गेलेले पुष्कळ जण इथे फसतात. डोळ्यासमोर वर्षाला एखादंच तोडायचं ते मोठं झाड असतं, रोजच्या फांद्या नसतात.

म्हणून दुकानाआधी टेप घ्या. लाकूड आपल्याकडे घेरावर मोजतात आणि बार लागतो व्यासाला, तेव्हा घेराला ३.१४ ने भागा. तीन फूट घेर म्हणजे साडेअकरा इंच, चार फूट म्हणजे सव्वापंधरा, पाच फूट म्हणजे एकोणीस. नारळाचं खोड साधारण दहा-बारा इंचांत येतं. आंब्याच्या छाटणीत निघणाऱ्या फांद्या, वाळलेला काजू, बांधावरची ग्लिरिसिडिया, सुरू हे बहुतेक त्याहून बारीकच. वर्षभरात जे दहा-बारा ओंडके खरोखर कापणार, त्यातल्या नेहमीच्या जाडीत दोन इंच मिळवले की बार ठरला. बागायतीला हे उत्तर बहुतेक वेळा चौदा किंवा सोळा येतं, क्वचित अठरा.

मग पाच फुटी घेराचा फणस पडला तर? सोळा इंचीने दोन्ही बाजूंनी कापता येतो. बारच्या लांबीच्या जवळपास दुपटीपर्यंतचं लाकूड असं निघतं, फक्त दोन्ही काप समोरासमोर जुळायला हवेत. आडवा ओंडका कापताना हे अवघड नाही. उभं झाड पाडताना मात्र असं काम नवशिक्याने करू नये. ते सवय असलेल्या तोडणाऱ्याला द्या.

बार आणि इंजिन यांची जोडी सुटी नसते. ३० ते ३५ सीसीला बारा-चौदा इंच, फार तर सोळा. ४५ सीसीच्या आसपास सोळा-अठरा. ५० ते ६० ला अठरा-वीस. वीसच्या पुढचा बार घन लाकडात चालवायचा तर ७० सीसीचं मशीन हवं, आणि ते वजनदार असतं. उदाहरणार्थ स्टिल (Stihl) कंपनीचं एमएस १८० हे ३१.८ सीसीचं, बार-चेन सोडून ३.९ किलो. एमएस २५० हे ४५.४ सीसी, ४.६ किलो. एमएस ३८२ हे ७२.२ सीसी आणि ६.२ किलो. वर बार, चेन, पेट्रोल, तेल. सकाळी सहा किलो काहीच वाटत नाही. दुपारी हात खाली येऊ लागतो, आणि हात खाली आला की टोक जमिनीला लागतं.

लहान इंजिनावर लांब बार चढवला की काय होतं ते बघा. लाकडात गेल्यावर चेनचा वेग पडतो, माणूस जोर लावून मशीन दाबतो, क्लच घसरून तापतो, आणि टोकाकडे तेल पुरेसं पोचत नसल्याने बारची कड निळी पडते. शिवाय लांब बारचं टोक लाकडाच्या पलीकडे, नजरेआड, दगडावर आपटतं. जांभ्यावर एकदा घासली की चेन गेलीच. तिसरी गोष्ट दुकानदार सांगत नाही: दातांची संख्या. ड्राइव्ह लिंक म्हणजे बारच्या खाचेत बसणारी चेनची कडी. साधारण दर दोन ड्राइव्ह लिंकमागे एक दात असतो. ७६ लिंकच्या वीस इंची चेनला ३८ दात, ५६ लिंकच्या सोळा इंचीला २८. रोज संध्याकाळी कानस तुम्हालाच मारायची आहे.

चेन मागताना नुसतं ‘सोळा इंची द्या’ म्हणू नका. लहान मशीनची बुटक्या कड्यांची, म्हणजे लो-प्रोफाइल, सोळा इंचीच ५५, ५६ आणि ५७ लिंक अशा तीन मापांत येते. एक लिंक कमी असेल तर चढत नाही, जास्त असेल तर ताण बसत नाही. तीन आकडे लागतात: पिच (कड्यांमधलं अंतर, इंचांत), गेज (खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी, इंचांत) आणि लिंक (त्या कड्यांची संख्या). बहुतेक बारच्या बुडाशी ते कोरलेले असतात. तेलाने दिसेनासे होण्याआधी फोटो काढून ठेवा. स्वस्त ५२-५८ सीसीच्या वीस इंची बारवर बहुधा .३२५ पिच, .०५८ गेज, ७६ लिंक असतं. ही मशीनं टाकाऊ नाहीत, सुटे भाग बाजारात कुठेही मिळतात. पण जवळ कार्बोरेटर जाणणारा मिस्त्री नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

कानसही पिचवर ठरते. लो-प्रोफाइल ३/८ ला ४ मिमी, .३२५ ला ४.८ मिमी. दाताच्या माथ्यावर तिरकी रेघ असते, तिच्या कोनात कानस धरा, आतून बाहेर ढकला आणि परत आणताना उचला. प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला पाच मारले की काप एकीकडे वळतो, आणि लोक बार बदलायला धावतात. धार गेली हे भुशावरून कळतं: चांगली चेन जाडसर कपच्या टाकते, बोथट चेन पीठ. तीन-चार धारांनंतर दातापुढचा उंचवटा धारेपेक्षा किती खाली आहे ते ०.६५ मिमीच्या मापाने तपासा. तो उंच राहिला तर धार असूनही चेन लाकडावर नुसती फिरते. नारळाचं खोड बाहेरून कठीण असतं, चेन लवकर मारतं. लाल मातीने माखलेली साल आधी कोयत्याने तासून घ्या.

पेट्रोलमध्ये चांगलं टू-स्ट्रोक तेल लिटरला २० मिली, म्हणजे ५०:१; साध्या टू-टी तेलाला २५:१, म्हणजे ४० मिली. मशीनच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर तेच खरं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून लागेल तेवढंच मिसळा. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा. चेनच्या टाकीत गॅरेजचं जळकं ऑइल ओतायची पद्धत आहे. त्यात धातूचा चुरा असतो, ते चेनला धरत नाही आणि पंप खातं. त्यात वाचणारे पैसे पुढे बारमध्ये जातात.

बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशालाही लागू द्यायचा नाही. तिथे लाकूड लागलं की बार उसळून तोंडाकडे येतो, आणि ब्रेकवर हात जाईपर्यंत काम झालेलं असतं. म्हणून झटक्याने आपोआप लागणारा चेनब्रेक नसलेलं मशीन घेऊ नका. डावा अंगठा पुढच्या दांड्याखालून वळलेला हवा. हेल्मेट, जाळी, कानपट्टे आणि मांडीवरचं चेन अडवणारं कापड यांचे पैसे मशीनच्याच हिशेबात धरा. लुंगी आणि गळ्यातला गमछा घरी. शिडीवर किंवा नारळावर चढून हे मशीन चालवायचं नाही.

२०२० च्या निसर्ग किंवा २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळानंतर जसं वाड्यांमध्ये एकमेकांवर पडलेलं लाकूड होतं, तसं लाकूड ताणाखाली असतं. आधी दाबलेल्या बाजूने एक तृतीयांश काप, मग ताणलेल्या बाजूने. उलट केलं की बार चिमटतो. अशा वेळी लोखंडी नव्हे, प्लास्टिकची पाचर जवळ हवी. आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, तोडण्याआधी परवानगी घ्या.

पैसे देण्याआधी दुकानात मशीन सुरू करायला लावा. जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, पाय मागच्या दांड्यात रोवून. हातात लोंबकळत दोरी ओढणारा विक्रेता असेल तर त्याच्याकडून बाकी काही शिकू नका. मग ब्रेक सोडून बारचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर वीतभर धरा आणि अर्ध्या मिनिटासाठी वेग वाढवा. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर दुसरा नग मागा.