दहाची मिटिंग

मिटिंग सकाळी दहाची होती. सव्वाअकरा झाले तरी छपराखाली मी, चेअरमनबाई आणि तीन कुत्री, एवढीच हजेरी. चेअरमनबाई वाळूत मांडी घालून बसल्या होत्या. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर वही. नोव्हेंबर महिना, पारा बेचाळीसवर. कुणाला फोन करू का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी रस्त्याकडे पाहिलं आणि "येतील" एवढंच म्हणाल्या.

माझे वडील तासगाव तालुक्यातल्या एका विकास सोसायटीचे सचिव होते. त्यामुळे नोटीस, अजेंडा, कोरम, इतिवृत्त आणि 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' हे शब्द मी पाढ्यांबरोबरच ऐकलेत. मिरजेत नर्सिंग केलं, पुण्यात सात वर्षं डायलिसिसच्या मशिनांमध्ये काढली आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बरोबर पोटात, ॲलिस स्प्रिंग्जला, येऊन पडले. इथून डार्विन वर दीड हजार किलोमीटर, ॲडलेड खाली दीड हजार. मध्ये लाल माती. गावातून टॉड नावाची नदी वाहते असं नकाशा म्हणतो. प्रत्यक्षात तिच्या पात्रात लोक सावलीला बसतात.

कामानिमित्त आजूबाजूच्या ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, वस्त्यांवर जाणं होतं. त्यातल्याच एका वस्तीच्या संस्थेने त्या दिवशी इतिवृत्त लिहायला मला बसवलं होतं. वस्तीचं नाव लिहीत नाही. लिहायचं तर विचारावं लागेल, आणि विचारायचं तर एकट्या चेअरमनबाईंना विचारून भागत नाही.

अशा संस्थांसाठी इथे वेगळा कायदा आहे, २००६ चा. सभासदांतले बहुसंख्य ॲबोरिजिनल, संचालकांतले बहुसंख्यही ॲबोरिजिनल, आणि बहुसंख्य संचालक संस्थेचे पगारी नोकर असता कामा नयेत. आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच महिन्यांत वार्षिक सभा घ्यायची. वर्ष ३० जूनला संपतं, म्हणून नोव्हेंबरच्या भट्टीत सगळीकडे सभांची गर्दी. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "नोकर वेगळे, संचालक वेगळे? हा नियम आमच्याकडे कुणी पाळला असता तर मी रात्री सुखाने झोपलो असतो."

साडेबारापर्यंत नऊ जण जमले. त्या दिवशीचा मुख्य विषय नवा मॅनेजर नेमणं. मॅनेजर बहुधा गोरा असतो, शहरातून येतो आणि वर्षा-दोन वर्षांत जातो. सरकारी अनुदानाचे अर्ज, त्यांचे अहवाल, पगार, गाड्यांचे टायर, सगळं त्याच्या डोक्यावर. म्हणून बाहेरच्याला वाटतं, संस्था तोच चालवतो. पहिलं वर्षभर मलाही तसंच वाटायचं. सरकारी माणूस आला की आधी मॅनेजरशी हात मिळवायचा, चेअरमनबाईंना हात हलवून पुढे जायचा. त्या काही बोलायच्या नाहीत. मी ते न बोलणं मवाळपणाच्या खात्यात टाकलं होतं.

इथे माझी एक चूक सांगते. त्याआधीच्या एका बैठकीत चर्चा रेंगाळली म्हणून मी मदतीच्या भावनेने चेअरमनबाईंकडे वळून विचारलं, "तुमचं मत काय?" सगळे खाली बघायला लागले. एक म्हातारी उठून चहाच्या डब्याकडे गेली. नंतर गाडीत आरोग्यसेविका मला म्हणाली, "तू तिला एकटीला बोलायला लावलंस." ही माझी 'मल्पा', म्हणजे कामातली जोडीदारीण. बाहेरचा एक आणि इथला एक, अशी जोडी लावून काम करायची पद्धत आहे इथे. अर्धं शहाणपण मला तिच्या गाडीतल्या बोलण्यातूनच मिळालंय.

एकदा तर चेअरमनबाईंनी शेजारच्या वस्तीच्या पाण्याच्या पंपाबद्दल चकार शब्द बोलायला नकार दिला. पंप बंद होता, त्यांना सगळं माहीत होतं, अधिकारी समोर बसला होता. "ते माझं कंट्री नाही," एवढंच म्हणाल्या. कंट्री म्हणजे देश नव्हे. आपल्याकडे गावाची शीव म्हणतात, त्यात कुळाचा देव, आजोबा-पणजोबा, पाण्याची जागा आणि त्या जागेची गोष्ट घालायची, तेव्हा कुठे जवळ पोचतो. दुसऱ्याच्या शिवेबद्दल आपण बोलायचं नाही. अधिकारी वैतागला. त्याला सगळ्या भागाच्या वतीने बोलणारा एकच पुढारी हवा होता.

हे कळल्यावर मला किंटोरची गोष्ट नव्याने समजली.

किंटोर, त्यांच्या भाषेत वालुंगुरु, ॲलिसच्या पश्चिमेला पाचशेहून जास्त किलोमीटर, बराचसा कच्चा रस्ता. हे पिंटुपी लोकांचं गाव. वाळवंटातून आणून सरकारने त्यांना पापुन्या नावाच्या वस्तीत बसवलं होतं. १९८१ मध्ये ते आपणहून परत निघाले आणि आपल्या जमिनीवर किंटोर वसवलं. मग मूत्रपिंडाचे आजार आले. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-पाच तास, आणि मशिनं शहरात. म्हणजे आजारी पडला की गाव सुटलं, कायमचं. काही जण मशीन सोडून घरी परतले. डायलिसिस सोडल्यावर किती दिवस मिळतात हे मी नर्स म्हणून जाणते, त्यामुळे त्या परतण्याबद्दल जास्त लिहिणार नाही.

इतक्या लांब मशीन चालवणं परवडणार नाही, असंच सगळे म्हणत होते. तेव्हा किंटोर आणि त्याच्याही पश्चिमेला असलेल्या किविरकुरा या पिंटुपींच्याच वस्तीच्या चित्रकारांनी चार प्रचंड कॅनव्हास मिळून रंगवले: किंटोरच्या पुरुषांचा एक, बायकांचा एक, तसेच किविरकुराचे दोन. नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीच्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्समध्ये लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरहून जास्त जमले. त्यातून संस्था उभी राहिली आणि २००४ मध्ये किंटोरमध्ये पहिलं डायलिसिस झालं. संस्थेचं नाव वेस्टर्न डेझर्ट ङानाम्पा वाल्जा पाल्यान्जाकु जुटाकु, अर्थ साधारण 'आपल्या सगळ्या कुटुंबांना बरं करणं'. सगळे तिला पर्पल हाउस म्हणतात. (शाळेत 'क ख ग घ ङ' घोकताना हा ङ कशासाठी शिकवतात ते कधी कळलं नव्हतं. त्याचं इथे काम होतं. इथे तो शब्दाच्या पहिल्याच जागी बसतो.)

सारा ब्राउन या नर्सबाई वीस वर्षांहून जास्त काळ तिच्या मुख्य कार्यकारी. वर्तमानपत्रांत फोटो त्यांचे येतात, आणि यावेत, काम तसंच आहे. पण वरचे संचालक वाळवंटातल्या वस्त्यांचे. मला विशेष वाटतं ते कॅनव्हासचं. चार गटांनी आपापल्या शिवेच्या गोष्टी आपापल्या कॅनव्हासवर काढल्या, कुणी दुसऱ्याची काढली नाही, आणि पैसा एकत्र केला. आता डझनाहून जास्त वस्त्यांत त्यांची मशिनं आहेत, शिवाय मशीन बसवलेला जांभळा ट्रक फिरतो. एखाद्याला लग्नकार्याला, मयताला गावी नेता यावं म्हणून. नोव्हेंबर २०१८ पासून दुर्गम भागातल्या डायलिसिससाठी मेडिकेअरने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्याने, स्वतंत्र पैसे द्यायला सुरुवात केली. सरकार पोचलं, अठरा वर्षांनी.

हे सगळं वाचून इथे देवमाणसंच राहतात असं कुणी समजू नये. भाऊबंदकी आहे. गाडी कुणाच्या घरासमोर उभी राहते यावरून दोन महिने अबोला झालेला मी पाहिलाय. कोरम मोडतो. मयत झालं की सगळं थांबतं. गेलेल्याचं नाव उच्चारत नाहीत, आणि त्याच नावाच्या जिवंत माणसालाही मग 'कुमंजाई' म्हणतात. एका इतिवृत्तात असे तीन कुमंजाई आले, कोण काय म्हणालं हे आजही फक्त मलाच माहीत आहे. आणि सासू-जावयाने एकमेकांशी बोलायचं नाही, समोर बसायचंही नाही. एक जावई संचालक आहे. तो छपराच्या बाहेर पाठ करून बसतो आणि तिथून मत देतो. बाबांना हे फार आवडलं.

तर, मॅनेजरची निवड. उमेदवार दोन. पहिला सकाळी छोट्या विमानाने आला, लॅपटॉप लावला आणि पन्नास मिनिटं उभा राहून पंचवार्षिक योजना सांगितली. चांगली होती, मी टिपून घेतली. दुसरा आदल्या संध्याकाळीच आला होता. ओढ्याजवळ स्वॅग, म्हणजे इथली वळकटी, पसरून झोपला, सकाळी येऊन वाळूत बसला. विचारल्याशिवाय बोलेना.

दोघांना चेअरमनबाईंनी एकच प्रश्न विचारला. तुझी आई कुठे राहते?

पहिला गोंधळला, हसला, आणि परत योजनेवर आला. दुसरा म्हणाला, ॲडलेडला, एकटी, ऐंशीची आहे. मग दहा मिनिटं आईबद्दलच बोलणं झालं. दुपारी तीनला त्याची नेमणूक झाली. ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, हे मला विचारून विचारून लिहावं लागलं, कारण कुणी हात वर केला नव्हता. ते कधी ठरलं ते माझ्या लक्षातच आलं नाही.

चौदा महिन्यांनी तो गेला. आईला बघायला कुणी नव्हतं. मी जरा खट्टू होऊन चेअरमनबाईंना म्हटलं, माणूस चांगला होता. त्या म्हणाल्या, "माहीत होतं. आई आहे म्हटल्यावर जाणारच." आणि लगेच, "तू किती दिवस आहेस?" माझे आईबाबा सत्तरीपार आहेत हे त्यांना ठाऊक आहे. मी व्हिसाचं काहीतरी बोलले.

गेल्या आठवड्यात नवी जाहिरात मीच टाईप केली. पात्रता, अनुभव, ड्रायव्हिंग लायसन्स, सगळं नेहमीचं. वाचून दाखवल्यावर चेअरमनबाईंनी शेवटी एक ओळ वाढवायला सांगितली: 'बसायची सवय हवी.' शहरातल्या भरतीवाल्यांनी ती दोनदा काढली. आम्ही दोनदा परत घातली.