लेकाची स्पीच थेरपी: ठाण्यातला माझा अनुभव

मुलगा दोन वर्षांचा झाला तरी चार-पाच शब्दांपलीकडे जात नव्हता. काही हवं असलं की माझं बोट धरून फ्रिजपाशी न्यायचा. नातेवाइकांचं एकच पालुपद: "मुलगे उशिराच बोलतात गं." नौपाड्यातल्या आमच्या बालरोगतज्ज्ञ मात्र स्पष्ट बोलल्या. या वयात मूल साधारण पन्नासएक शब्द वापरतं, 'पाणी दे', 'बाबा गेला' असे दोन शब्द जोडायला लागतं. तसं होत नसेल तर वाट बघत बसू नका.

पहिली चिठ्ठी मिळाली ती कान तपासायची. कुकरच्या शिट्टीला दचकणाऱ्या मुलाचे कान कशाला तपासायचे, असं बऱ्याच घरांत वाटतं. पण मोठे आवाज ऐकू येऊनही 'स'सारखे बारीक ध्वनी निसटू शकतात, आणि वारंवार सर्दी होऊन पडद्यामागे पाणी साठलं तरी ऐकणं मंदावतं. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणारी बेरा चाचणी लहान मुलांची झोपेत करतात. म्हणून आदल्या रात्री त्याला उशिरापर्यंत खेळवलं, पहाटे उठवलं आणि रिक्षात डोळा लागू नये म्हणून गाणी म्हणत नेलं. झोपल्यावर कपाळाला आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवले. ऐकू नीट येतंय हे कळल्यावर जीव भांड्यात पडला.

आम्ही ठाण्यातच थेरपी घेतली. ज्यांना खासगी फी झेपत नाही त्यांच्यासाठी वांद्रे रेक्लमेशनला केंद्र सरकारची, ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग संस्था 1983 पासून आहे. ठाण्याहून दादरला गाडी बदलून जाता येतं. कुठेही गेलात तरी थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी आहे का ते विचाराच. विचारण्यात संकोच कसला?

थेरपिस्ट मॅडम पहिल्या दिवशी जमिनीवर बसल्या आणि साबणाचे फुगे काढायला लागल्या. चार-पाच फुगे फोडून झाल्यावर बाटलीचं झाकण घट्ट लावून ती त्याच्या हातात दिली आणि गप्प बसल्या. त्याने झाकण ओढून पाहिलं, माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. माझ्या तोंडावर आलं होतं, "उघड म्हण ना!" त्यांनी हातानेच मला थांबवलं. शेवटी बाटली त्यांच्यापुढे धरून तो म्हणाला, "उ." लगेच "उघड! उघडू या!" म्हणत त्यांनी झाकण काढलं.

थेरपीचा गाभा मला त्या दोन मिनिटांत कळला. आठवड्यातला तो पाऊण तास मुलाइतकाच आम्हाला शिकवायला असतो. बोलणं वाढतं ते घरात, आंघोळीच्या वेळी, पोळ्या लाटताना, जांभळी नाक्यावर भाजी घेताना. 'हे काय? ते काय?' अशी परीक्षा घ्यायची नाही. तो 'बस' म्हणाला की आपण 'लाल बस आली' म्हणायचं. केळं आणि चिकू दोन्ही समोर धरून विचारायचं आणि थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड. आमच्या घरी ते सासूबाईंना सर्वांत आधी जमलं, आणि नातवाचे बरेचसे नवे शब्द त्यांच्या ओट्यापाशीच आले.

घरात मराठी, सोसायटीत हिंदी, प्लेग्रुपमध्ये इंग्रजी. म्हणून मूल गोंधळलंय, एकच भाषा ठेवा, असा सल्ला आम्हालाही मिळाला. तो ऐकू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने बोलणं लांबत नाही. जी भाषा तुमच्या तोंडात सहज आहे तीच भरभरून बोला, असं मॅडमनी सांगितलं. आजीची मराठी काढून घेतली असती तर त्याच्याशी सगळ्यात जास्त बोलणारं माणूसच आम्ही गप्प केलं असतं. मोबाइल मात्र जेवणाच्या ताटापासून दूर गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच.

आता तो साडेतीन वर्षांचा आहे आणि वाक्यं बोलतो. 'र'चा अजून 'ल' होतो. हा ध्वनी बऱ्याच मुलांना उशिरा जमतो, त्यामुळे त्यासाठी सध्या वेगळं काही करायचं नाही, असं ठरलंय. "आजी, भाकली दे," म्हणाला की सासूबाई त्याला दुरुस्त करत नाहीत. "भाकरी हवी? घे, गरम भाकरी घे," म्हणतात आणि वाढतात.