काचेतला बाप्पा

शोकेस पुसताना आईच्या हातून काचेचा ठोकळा पडला. ठोकळा म्हणजे तोच, आत पांढुरका गणपती तरंगत असतो आणि खाली रंग बदलणाऱ्या दिव्याचं स्टँड असतं. वास्तुशांतीला हा न आलेलं घर मी अजून पाहिलेलं नाही. फुटला नाही, नुसता एका कोपऱ्याचा टवका उडाला. शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, "भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये हो. विसर्जन करून टाका."

आई पेचात पडली. मी भिंग घेऊन बसलो.

भिंगातून बाप्पाची सोंड राहिलीच नाही. नुसते सुटे ठिपके, कानाशी दाट, पोटाकडे विरळ. आणि ठिपकेही गुळगुळीत नाहीत, प्रत्येक ठिपका म्हणजे चांदणीसारखा फुटलेला बारीकसा तडा. म्हणजे काकूंचा नियम लावायचा तर ही मूर्ती पहिल्या दिवसापासूनच भंगलेली. तडे वगळले तर तिच्यात दुसरं काही नाहीच.

वर ओरखडा नाही आणि आत एवढी मोडतोड, हे होतं कसं? लहानपणी भिंगाने वाळकं पान जाळलेलं आठवत असेल. भिंग गारच राहतं, पेटतं ते पान, कारण ऊन तिथे एकवटतं. असल्या मूर्ती लेसरने काढतात. तो लेसरही ठोकळ्यात शिरताना पसरट असतो आणि आत ठरलेल्या खोलीवर एका टोकाला येतो. पण पान ऊन शोषून घेतं, काच तर प्रकाश तसाच जाऊ देते. अडून बसलेल्या जीपसारखं आहे ते. एकेकाने येऊन ढकललं तर ती हलत नाही, सहा जणांनी एकदम 'हय्या' केलं की निघते. शुद्ध सिलिकाच्या काचेतला इलेक्ट्रॉन सुटायला नेहमीच्या अवरक्त लेसरचे साधारण सहा प्रकाशकण असेच एका दमात लागतात. एवढी गर्दी फक्त त्या टोकावर होते, म्हणून तडाही तिथेच जातो. बाकी काचेला पत्ताच नसतो.

आमच्या बाप्पासारख्या कामाला नॅनोसेकंदाचे, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागापुरते चमकणारे लेसर पुरतात. एका नॅनोसेकंदात प्रकाश शाळेतल्या फूटपट्टीएवढा पुढे जातो. फेमटोसेकंद म्हणजे त्याचाही दहा लाखावा भाग. असल्या शंभर फेमटोसेकंदांत प्रकाशाला केसाची जाडीसुद्धा ओलांडता येत नाही. आजी तव्यावरची भाकरी बोटांनी उलटायची, भाजायची नाही. उष्णता बोटात शिरेपर्यंत हात परत आलेला असायचा. फेमटोसेकंद लेसरचंही तसंच. ऊर्जा देऊन तो निघून जातो, उष्णता आजूबाजूला पसरायला नंतर सुरुवात होते. म्हणून हात हलका ठेवला तर तडा जातच नाही, काचेची घडण तेवढ्या जागी जराशी बदलते.

1996 साली जपानमध्ये क्योटोचे शास्त्रज्ञ हिराओ यांच्या गटाने काचेच्या पोटात अशी रेघ ओढली. रेघेतला अपवर्तनांक, म्हणजे काच प्रकाशाला किती वळवते त्याचं माप, किंचित वाढला आणि पाटाने पाणी जावं तसा प्रकाश त्या रेघेतून जाऊ लागला. पुढे 2003 साली याहून चक्रावणारी गोष्ट कळली. सिलिकाच्या काचेत एका ठिपक्याच्या आत आपोआप समांतर पट्ट्या पडतात, वाफ्यातल्या सऱ्यांसारख्या, आणि त्यांची दिशा लेसरच्या ध्रुवीकरणावर, म्हणजे त्याच्या लहरी कोणत्या दिशेत थरथरतात त्यावर, ठरते. दिशा फिरवता येते म्हटल्यावर तिच्यात अक्षरं भरता येणारच. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात सेंटीमीटर बाजूच्या चौकोनी, दोन मिलिमीटर जाड काचेत 1978 चा अख्खा 'सुपरमॅन' सिनेमा साठवून दाखवला. काच उकळली, ओव्हनमध्ये भाजली, तारेच्या घासणीने घासली, सिनेमा शाबूत.

यातलं आईला फक्त घासणीचं आवडलं. मग मी भिंग तिच्या हातात दिलं. तिने चष्मा वर सारून बराच वेळ पाहिलं, आधी सोंड, मग मोदकाचा हात, शेवटी तो उडालेला कोपरा.

"फुटलाय तो देव्हारा," ती म्हणाली. "मूर्तीला कुठे काय झालंय?"

ठोकळा परत शोकेसमध्ये आहे, टवका भिंतीकडे करून. काकूंना अजून सांगितलेलं नाही.