चार प्रश्नचिन्हं

सकाळी साडेसातला मोबाइल बघितला तेव्हा मध्य रेल्वे ठप्प होती आणि हिंदमाताला पाणी भरलं होतं. मी राहते भोईवाड्यात, ऑफिस अंधेरीला. दादर गाठणंच कठीण, तिथून पुढचं तर लांबच. जुलैत असे दोन-तीन दिवस येतातच, घरून काम करून भागतं. त्या दिवशी भागणार नव्हतं. नऊ दिवसांनी आमच्या गेमचं पीसी व्हर्जन बाहेर पडणार होतं आणि आदल्या रात्री एका टेस्टरने चौथ्यांदा कळवलं होतं: ‘तीन तास खेळलो. गेम बंद केला, परत उघडला. सेव्ह गायब.’ सेव्ह म्हणजे खेळ जिथवर आला तिथली साठवलेली नोंद.

मी अकरा वर्षं गेम टेस्टिंगमध्ये आहे, त्यातली शेवटची सहा पोर्टवर. म्हणजे कन्सोलवर, टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशन (पीएस) किंवा एक्सबॉक्ससारख्या यंत्रावर, आलेला गेम कॉम्प्युटरवर आणायचा, आणि तो लोकांच्या हाती जायच्या आधी आम्ही तो मोडता येईल तितक्या प्रकारांनी मोडून बघायचा. हा गेम कन्सोलवर येऊन चौदा महिने झाले होते. आमच्या लॅबमध्ये बेचाळीस मशीन आहेत. जुनी, नवी, एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डं, एएमडीची, इंटेलची, चार जीबी रॅमवर धापा टाकणारा एक लॅपटॉपसुद्धा. बेचाळीसही मशीनवर सेव्ह व्यवस्थित होत होता. शिवाय मुंबई-पुण्यातल्या साठ जणांना आम्ही कागदपत्रांवर सह्या घेऊन घरी खेळायला बिल्ड, म्हणजे गेमची त्या वेळची तयार प्रत, दिलं होतं. एकोणसाठ जणांची तक्रार नव्हती. हा एकच.

असा एकटा बग आला की टीममध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, त्याच्याच मशीनमध्ये काहीतरी गडबड असेल. दुसरा म्हणतो, साठात एक म्हणजे लाखात किती, हिशेब करा. मी कायम दुसऱ्या तटात. त्या टेस्टर मुलाला फोन लावला, विचारलं कुठे राहतोस. म्हणाला, लालबागला, चिवडा गल्लीच्या मागे. ऑफिसची परवानगी घेतली, लॅपटॉप दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळला आणि चालत निघाले.

भारतमाता सिनेमापाशी पोटऱ्यांपर्यंत पाणी होतं. गल्लीत शिरल्यावर पावसातही तळलेल्या पोह्यांचा वास दरवळत होता. चाळीचा दुसरा मजला, दोन खोल्या, पोटमाळ्याखाली कॉम्प्युटर. बाजूला लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचे गठ्ठे आणि प्रिंटर. मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा. त्याचे वडील घरून डीटीपीची कामं करतात: पत्रिका, पावती पुस्तकं, गणपतीच्या दिवसांत मंडळांचे अहवाल. मशीन त्यांचंच. मुलाने साठवलेल्या पैशांतून लॅमिंग्टन रोडवरून चार जीबीचं जीटीएक्स १६५० कार्ड आणून त्यात बसवलं होतं, तेवढाच त्याचा वाटा. काकूंनी आधी टॉवेल दिला, मग चहा.

मी नवीन बिल्ड टाकलं. गेम उघडल्यावर पहिल्यांदा एक पट्टी सरकत राहते, ‘शेडर तयार होत आहेत’. त्या मशीनवर पट्टी पुढे जायचं नाव घेईना. मुलगा थोडा वेळ गप्प बसला, मग त्याने ते विचारलंच.

“ताई, पीएसवाल्यांना हा गेम गेल्या वर्षीच मिळाला. आम्हालाच दरवेळी का थांबवता? जीटीए फाइव्हसाठी माझा मोठा भाऊ दीड वर्ष थांबला होता.”

त्याचा हिशेब बरोबर होता. जीटीए फाइव्ह पीएस थ्री आणि एक्सबॉक्स ३६० वर आला सप्टेंबर २०१३ मध्ये आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन टू कन्सोलवर ऑक्टोबर २०१८, पीसीवर नोव्हेंबर २०१९. हा प्रश्न मला लग्नांत, ट्रेनमध्ये, भाच्याच्या मुंजीत, सगळीकडे विचारला गेलाय. पण इथे उत्तर समोरच सरकत होतं, म्हणून मी पट्टीकडेच बोट दाखवलं.

“हे जे चाललंय ना, ते कन्सोलवर होतच नाही. पडद्यावरचं पाणी, ऊन, सावली कशी रंगवायची याचे छोटे छोटे प्रोग्राम असतात, ते शेडर. ते ग्राफिक्स चिपच्या स्वतःच्या भाषेत उतरवावे लागतात. पीएस फाइव्हमधली चिप कुठली हे आम्हाला आधीच ठाऊक असतं, म्हणून ते काम आम्ही ऑफिसात एकदाच करून डिस्कवर देतो. तुझ्या घरी कुठलं कार्ड आहे, त्यावर कुठला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, आहे, हे मला ऑफिसात बसून कसं कळणार? म्हणून ते भाषांतर तुझ्या घरी, तुझ्या मशीनवर, आत्ता चाललंय. ड्रायव्हर बदललास की बहुतेक वेळा पुन्हा करावं लागेल. आणि हे आधी न करता खेळताना मध्येच करायला गेलं, की गेम अडखळतो.”

मेमरीचंही सांगितलं. पीएस फाइव्हमध्ये १६ जीबी मेमरी आहे आणि प्रोसेसर व ग्राफिक्स दोघंही तीच वापरतात. त्याच्या मशीनमध्ये रॅम वेगळी आणि कार्डावरची चार जीबी वेगळी. चित्रं एकीकडून दुसरीकडे वाहून न्यावी लागतात, आणि चार जीबीत काय ठेवायचं, काय बाहेर काढायचं, हे पुन्हा बसवावं लागतं. पीएस फोर आला २०१३ मध्ये, तेव्हापासून सोनी आणि मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलमध्ये पीसीच्याच जातीचा प्रोसेसर असतो, म्हणून लोकांना वाटतं की आता नुसतं कॉपी करायचं बाकी. प्रोसेसर सारखा असला तरी भोवतालचा संसार प्रत्येक घरी वेगळा.

काका पाठमोरे बसून पत्रिकांच्या घड्या घालत होते. वळून म्हणाले, “आमच्याकडे पण तेच. माझ्या मशीनवर पत्रिका एकदम बरोबर. फाइल प्रेसला गेली आणि त्यांच्याकडे तो फॉन्ट नसला, की जोडाक्षरं फुटली. नवरदेवाचं नाव वाचता येत नाही.”

मला इतकी वर्षं इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

सगळा उशीर तांत्रिक नसतो, हेही मी त्या मुलाला सांगितलं. ते लपवणं मला बरोबर वाटत नाही. होरायझन झिरो डॉन पीएस फोरवर २०१७ मध्ये आला, पीसीवर २०२० मध्ये. गॉड ऑफ वॉर २०१८ मध्ये आणि मग थेट जानेवारी २०२२ मध्ये. ज्या गेमसाठी लोक कन्सोल विकत घेतात तो गेम कन्सोलवाली कंपनी लगेच दुसरीकडे देणार नाही, हा सरळ धंदा आहे. काही लोक तोच गेम दोनदा घेतात, हेही त्यांना माहीत असतं. पीसीवर चोरीच्या कॉपीची भीती असते, ती वेगळीच. पण घाईने दिलं की काय होतं तेही मी पाहिलंय. जून २०१५ मध्ये बॅटमॅन अर्कहम नाइट सगळीकडे एकाच वेळी आला, आणि पीसी व्हर्जन इतकं अडखळत होतं की काही दिवसांत विक्री थांबवावी लागली. ती पुन्हा सुरू झाली ऑक्टोबरात. माझ्यासारख्या कोणीतरी ते बिल्ड तपासलं असणार, कळवलं असणार. त्या माणसाचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

पट्टी संपली. मुलगा वीस मिनिटं खेळला, कोपऱ्यात सेव्हचं चिन्ह फिरलं. गेम बंद करून उघडला. सेव्ह नाही.

मी लॉग उघडला, म्हणजे गेम काय करतोय त्याची ओळीओळीने होणारी नोंद. गेम डी ड्राइव्हवर होता, लॉगही तिथेच पडत होता. हजारो ओळींत एक ओळ मी चार वेळा आधी वाचली होती. सी ड्राइव्ह, युजर्स, मग चार प्रश्नचिन्हं, मग डॉक्युमेंट्स. पुढे एरर १२३. लॉग आमच्यापर्यंत पाठवणारं टूल खेळणाऱ्याचं नाव झाकतं, म्हणून ती प्रश्नचिन्हं म्हणजे झाकलेलं नाव असं आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं होतं. मीसुद्धा. पण आता मी लॉग थेट त्याच मशीनवर वाचत होते. इथे कोणी काही झाकलेलं नव्हतं.

“एकदा रिस्टार्ट कर,” मी म्हटलं.

मशीन बंद होऊन सुरू झालं, विंडोजचा निळा पडदा आला, आणि मधोमध गोलाखाली नाव आलं: बाबा.

काकांनी मशीन घेतलं त्या दिवशी खात्याला नाव विचारलं, त्यांनी मराठीत टाइप केलं. दिवसभर मराठीतच टाइप करणारा माणूस, दुसरं काय करणार? विंडोजने त्याच नावाचा फोल्डर बनवला. बरोबरच बनवला. पण मला चार चिन्हं दिसत होती आणि ‘बाबा’ तर दोन अक्षरी.

“दोन अक्षरं कशी?” काका म्हणाले. “ब, काना, ब, काना. चार की मारल्या मी.”

चार की, चार प्रश्नचिन्हं. माझ्या अंगावर काटा आला.

झालं होतं ते असं. कन्सोलवर सेव्ह कुठे ठेवायचा हे गेम ठरवतच नाही. सिस्टिमला सांगायचं, ठेव, ती ठेवते. खेळणाऱ्याचं नाव काय, फोल्डर कुठला, याच्याशी गेमचा संबंध नसतो. पीसीवर तो रस्ता आम्हाला नव्याने लिहावा लागला होता, आणि त्यात सेव्ह दाबून लहान करणारी बाहेरची एक जुनी लायब्ररी होती. ती फोल्डरचं नाव युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं असलेल्या यादीतून, न घेता विंडोजच्या जुन्या कोडपेजमधून, म्हणजे मोजक्या भाषांपुरत्या छोट्या यादीतून, घ्यायची. जे अक्षर त्या कोडपेजमध्ये नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह. आणि फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह विंडोजला चालत नाही. १२३ चा अर्थच तो, नाव अवैध आहे. सेव्ह झाला की नाही हे आमचा कोड तपासत नव्हता, म्हणून चिन्ह मात्र आनंदाने फिरत होतं. ती चूक शंभर टक्के आमची.

मग रशियन आणि चिनी विंडोजवर आम्ही तपासलं तेव्हा का सापडलं नाही? कारण रशियनचं स्वतःचं कोडपेज आहे, १२५१. चिनीचं आहे, ९३६. जपानीचं ९३२. त्या मशीनवर त्यांची अक्षरं धडपणे पार झाली. देवनागरीला तसं कोडपेज विंडोजने कधी दिलंच नाही. मराठी आणि हिंदी तिथे आली ती थेट युनिकोडमधून. त्यामुळे मशीन कुठल्याही देशाचं असो, जुन्या रस्त्याने गेलं की आपली अक्षरं गळणारच. आणि आमच्या बेचाळीस मशीनवर, मुंबईतल्या ऑफिसात, मराठी बोलणाऱ्या टीमने खात्यांना नावं दिली होती ‘टेस्ट’ आणि पुढे आकडा, इंग्रजीत.

पोटमाळ्याखालूनच प्रोड्यूसरला फोन केला. त्यांना आधी बरं वाटलं, कारण सापडला. मग म्हणाले, रिलीज नोट्समध्ये एक ओळ टाकू, ‘इंग्रजी नावाचं नवीन खातं काढून खेळा’. नऊ दिवसांत सेव्हच्या कोडला हात लावणं धोक्याचं आहे. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सेव्हचा कोड बदलला की सगळं पुन्हा तपासावं लागतं: जुने सेव्ह उघडतात का, डिस्क भरली तर काय, मध्येच वीज गेली तर काय. पण मी ज्या घरात बसले होते तिथे ती ओळ मोठ्याने वाचून बघितली असती, तर कशी वाटली असती? या माणसाने स्वतःच्या मशीनवर स्वतःच्या भाषेत नाव लिहिलं. ते चालायला हवं. तीन तास खेळून झाल्यावर सेव्ह नाही हे ज्याला कळेल, त्याला स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, पैसेही सहज परत मिळणार नाहीत, कारण तिथली मुदत दोन तास खेळण्याची आहे. मी म्हटलं, नोट्समध्ये ओळ टाकून मी सही करणार नाही. बराच वेळ पलीकडून काही आवाज नव्हता. खिडकीबाहेर पन्हळीतून पाणी बदाबदा पडत होतं. शेवटी ते म्हणाले, “किती दिवस हवेत ते संध्याकाळपर्यंत सांग.”

आमच्या प्रोग्रॅमरने बदल तीन ठिकाणी केला: आमच्या कोडमध्ये, लायब्ररीच्या भोवती, आणि सेव्ह फसला तर तसं स्पष्ट सांगणारी एक खिडकी. त्याला दीड दिवस लागला. आम्हाला तपासायला सतरा. तारीख तीन आठवडे पुढे गेली. जाहीर झाल्यावर लोक जे बोलायचं ते बोलले, ‘पीसीवाल्यांना पुन्हा थांबवलं’, वगैरे. मी वाचलं सगळं. त्यांचा राग खरा आहे, ते पैसे देणार आहेत. लॅबमध्ये त्रेचाळीसावं मशीन आलं. त्यावरच्या खात्याचं नाव मी मुद्दाम ‘ज्ञानेश्वरी’ ठेवलं, जोडाक्षर, वेलांटी, मात्रा सगळं एका नावात येतं म्हणून.

पक्कं बिल्ड घेऊन मी पुन्हा लालबागला गेले. या वेळी ऊन होतं. पट्टी सरकली, मुलगा खेळला, बंद केलं, उघडलं. जिथे सोडलं होतं तिथेच तो उभा होता, पुलाच्या टोकाला. मी लॉगमधली ती ओळ काढून काकांना दाखवली. चार प्रश्नचिन्हांच्या जागी त्यांचं नाव होतं. पत्रिकेचं प्रूफ तपासावं तशी त्यांनी ती ओळ बोटाने धरून वाचली, काना-मात्रा बघितल्या, मान हलवली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि मुलाच्या खांद्यावर थोपटलं. “चल, ऊठ आता. चारच्या आत मला प्रेसला फाइल पाठवायची आहे.”