कच्च्या विनोदाची मैफल

स्टँड-अप कॉमेडीचं, म्हणजे एकट्यानं उभं राहून लोकांना हसवण्याचं वेड मला शाळेपासूनच. अमेरिकेचे जॉर्ज कार्लिन आणि रिचर्ड प्रायर, स्कॉटलंडचा बिली कॉनोली ही विनोदवीर मंडळी रेकॉर्डिंगमधूनच भेटली. तिथे सगळं इतकं घोटून आलेलं असतं, की ही माणसं सहज बोलत सुटतात आणि लोक हसतात असंच वाटतं. ब्रिटनमध्ये राहायला आल्यावर विनोद तयार होताना पाहायला मिळाला आणि हे वेड आणखी वाढलं.

इथे ‘वर्क इन प्रोग्रेस’ प्रयोग होतात. स्कॉटलंडमध्ये ऑगस्टमध्ये भरणाऱ्या एडिंबरा फ्रिंज या कला महोत्सवाच्या आधी कलाकार आपला नवा, अर्धाकच्चा कार्यक्रम पबच्या माडीवरच्या छोट्याशा खोलीत करून बघतात. मागे अशाच एका प्रयोगाला मी पुढच्या रांगेत होतो. समोरच्या बाईंनी स्टुलावर वही उघडी ठेवली होती. एका किश्श्याला कुणीच हसलं नाही. त्यांनी पेन काढलं, वहीत काहीतरी खोडलं आणि पुढे गेल्या. दहा-पंधरा मिनिटांनी त्याच किश्श्यावर परत आल्या. आधी हशाचा शब्द वाक्याच्या मधेच येऊन गेला होता. आता तो अगदी शेवटी आला आणि खोलीत हशा उसळला. एवढासा बदल! पण तो टेबलापाशी बसून सापडत नाही, त्याला समोर माणसंच लागतात.

कॉनोली म्हणूनच मला फार जवळचा. ग्लासगोच्या जहाजबांधणी कारखान्यात तो वेल्डर होता, मग लोकगीतं गायला लागला. दोन गाण्यांमधल्या गप्पा लांबत गेल्या आणि त्या गप्पांचाच पुढे कार्यक्रम झाला. श्रोत्यांना काय हवंय हे त्यानं ओळखलं.

प्रायरबद्दल किती लिहू? 1979 च्या ‘लाइव्ह इन कॉन्सर्ट’मध्ये तो स्वतःला आलेला हार्ट अटॅक सांगतो. त्याचं हृदयच दमदाटी करत त्याच्याशी बोलतं आणि तो स्टेजवर खाली कोसळत जातो. आपण पोट धरून हसतो आणि त्याच क्षणी घाबरतोही. माझ्या मते त्याच्या तोडीचं अजून कुणी झालेलं नाही.

नव्यांमध्ये अहिर शाह. भारतातून इंग्लंडला आलेल्या आजोबांवरच्या कार्यक्रमासाठी त्याला 2023 चा एडिंबरा कॉमेडी अवॉर्ड मिळाला. घर सोडून आलेल्या कुणालाही तो कार्यक्रम हसवता हसवता आतून हलवतो.

फ्रिंजची सुरुवात 1947 ची. एडिंबराच्या मुख्य आंतरराष्ट्रीय महोत्सवाचं आमंत्रण नसताना आठ नाट्यसंस्था आपणहून एडिंबरात आल्या आणि त्यांनी प्रयोग केले. आजही तिथे निवड समिती नाही. जागा मिळाली की कुणीही उभं राहावं. त्यामुळे नामवंत आणि अगदी नवखे एकाच गल्लीत भेटतात. कितीतरी प्रयोगांना तिकीटच नसतं, बाहेर पडताना बादलीत जमेल तेवढे पैसे टाकायचे.

कधी तिकडे यायचा बेत केलात, तर मोठ्या नावांची तिकिटं आधीच काढून ठेवा, पण दुपारच्या वेळा मोकळ्या सोडा. नाव कधी ऐकलेलं नाही अशा कुणाच्या तरी प्रयोगाला जा, आणि शक्यतो पुढेच बसा.