अठ्ठेचाळीस आकडे

कॉम्प्युटरचं पॉवरचं बटण दाबलं की पंखे अर्धा फेरा घ्यायचे आणि गप्प व्हायचे. अशी केस आली की बहुतेक वेळा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदलून भागतं, म्हणून आमचे शेठ कॅबिनेट उघडायच्या आधीच भाव सांगून मोकळे होतात. मला ते जमत नाही. सीपीयूच्या आठ पिनी पॉवर सॉकेटला मीटर लावला, तर बारा व्होल्टची लाइन आणि ग्राउंड यांच्यात जवळजवळ शून्य ओहम. प्रोसेसर काढून पुन्हा मोजलं, तेच. मॉसफेट, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारे मदरबोर्डावरचे छोटे भाग, शॉर्ट. एसएमपीएस बिचारा स्वतःला वाचवायला बंद पडत होता.

मशीन गिऱ्हाइकाच्या पोराने २०१८च्या मे महिन्यात, दहावीनंतर, स्वतः जोडलेलं. आय-सेव्हन ८७००के प्रोसेसर, झेड ३७० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० ग्राफिक कार्ड. जोडणी आमच्या दुकानातल्या कित्येकांपेक्षा नीट होती, वायरी सगळ्या मागून नेलेल्या. घोळ लिक्विड कूलरचा. साध्या कूलरचा पंखा प्रोसेसरबरोबर शेजारच्या मॉसफेटांवरही वारा टाकतो. लिक्विड कूलर बसवला की तो वारा जातो, आणि हे व्हिडिओत कुणी सांगत नाही. वरून ओव्हरक्लॉक, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जोरात पळवलेला, आणि मागचा पंखा धुळीने जाम.

अशा वेळी बोर्ड निवडायच्या आधी प्रोसेसर जिवंत आहे का ते बघावं लागतं, कारण मॉसफेट जाताना बारा व्होल्ट थेट प्रोसेसरमध्ये घुसू शकतात. आणि ते बघायलाच बोर्ड लागतो. त्यासाठी मी एक जुना एच ३१० बोर्ड दुकानात जपून ठेवलाय. शेठ त्याला भंगार म्हणतात. त्यावर प्रोसेसर चढवला, ग्राफिक कार्ड न लावताच, कारण ८७००केमध्ये ग्राफिक्स आतच असतं. डिस्प्ले आला. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे मेमरीची चाचणी, चालवली, एकही एरर नाही.

दुसऱ्या दिवशी पोराचे वडील, आमचे काका, आले. "अहो, ऑनलाइन नवा एच ३१० साडेतीन हजारांत दिसतोय. नवा तो नवाच ना?" पोराला आय-फाइव्ह १२४००एफ आणि बी ७६० बोर्ड हवा होता. डीडीआर फोर रॅमवाला बी ७६० घेतला तर जुनी रॅम चालेल, हेही त्याने शोधून ठेवलेलं. पण ते अठरा-वीस हजारांवर जात होतं. मी म्हटलं, सेकंडहँड झेड ३७० घेऊ.

त्या साडेतीन हजारांच्या बोर्डाचा फोटो मी काकांना मोठा करून दाखवला. कंपनीचं नाव कुठेच नाही, मोजके मॉसफेट आणि त्यांच्यावर हीटसिंकचा, म्हणजे उष्णता खेचणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचा, पत्ता नाही. ८७००केवर आकडा ९५ वॅटचा असला, तरी बोर्डाने मर्यादा सैल सोडली आणि सहाही कोर जोरात चालले की तो त्याच्या बराच पुढे जातो. शिवाय एच ३१०वर रॅम २६६६च्या वर धावत नाही, पोराची ३२००ची. ज्या दुखण्याने पहिला बोर्ड गेला, तेच विकत आणायचं? काकांना पटलं. जुनाच बोर्ड दुरुस्त होईल का, असंही त्यांनी विचारलं होतं. उल्हासनगरला एक जण मॉसफेट बदलून देतो. पण इतक्या जुन्या बोर्डावर दोन हजार घालवू नका, असं मी ठणकावून सांगितलं.

शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडवर, कॉम्प्युटरच्या बाजारात, पहिल्याच दुकानात झेड २७० पुढे आला. "लगेगा ना भाय, सेम सॉकेट है." सॉकेट सेमच आहे, ११५१. प्रोसेसर बसतोही. पण इंटेलने आठव्या पिढीला ३०० मालिकेचे बोर्ड सक्तीचे केले, त्यामुळे झेड २७०वर तो चालत नाही, आणि परत न्यायला गेलं की हाच माणूस तुम्हीच पिना वाकवल्या म्हणणार. तिसऱ्या दुकानात हवा तसा मिळाला. टॉर्च तिरकी धरून पिनांची ओळ न् ओळ बघितली, सगळ्या एकसारख्या चमकत होत्या. मॉसफेटांवर दोन जाड हीटसिंक. जुना बोर्ड घेऊन त्याने चारशे कमी केले, आणि मी खुशीत वडापाव खाल्ला.

संध्याकाळी सगळं चढवलं, मॉसफेटांवर वारा जाईल असा वर एक पंखा लावला, मेमरी ३२००वर आणली. पोरगा शेजारी उभा. मशीन चालू झालं आणि निळा स्क्रीन आला: बिटलॉकर, रिकव्हरी की टाका. अठ्ठेचाळीस आकडे.

पोराने विंडोज ११ गेल्या वर्षी नव्याने टाकलं होतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की नवी आवृत्ती ड्राइव्ह आपणहून बिटलॉकरने कुलूपबंद करते, धड विचारतसुद्धा नाही. किल्ली टीपीएममध्ये, म्हणजे बोर्डातल्या किल्ल्या जपणाऱ्या भागात, आणि टीपीएम त्या जुन्या बोर्डासोबत गेला. लॅपटॉप आला की मी डेटाचं पहिलं विचारतो. डेस्कटॉपला कधीच नाही, कारण इतकी वर्षं ड्राइव्ह काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं दिसायचं.

रिकव्हरी की अकाउंटवर आहे. पासवर्ड पोराला पाठ आहे. पण कोड जातो काकांच्या बंद झालेल्या नंबरवर, जो आता दुसऱ्या कुणाकडे आहे. नवा नंबर लावायचा तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबायला लावतं. ड्राइव्हवर पोराची कामं आहेत, ती तो पुन्हा करेल म्हणाला. आणि काका सोसायटीचे खजिनदार, त्यांचे तीन वर्षांचे हिशेब त्यातच.

जुना बोर्ड परत मागायला मी लॅमिंग्टन रोडला फोन केला. "वो तो लॉट में निकल गया." दोन दिवसांत!

आज तेरावा दिवस. ऑडिट नऊ दिवसांवर आलंय. काल काका दुकानात आले, रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "तो उल्हासनगरवाला," ते म्हणाले, "त्याने जुना बोर्ड चालू केला असता, तर हे उघडलं असतं ना?"

बहुतेक उघडलं असतं, असं मी सांगितलं. शेठ गल्ल्यावरून ऐकत होते.