स्मार्ट मीटरसाठी सात महिने

12 डिसेंबर 2024 ची संध्याकाळ. जर्मनीभर वारा पडलेला, आभाळ भरलेलं, आणि पाचनंतरच्या तासाला बाजारात विजेचा भाव मेगावॅट-तासाला 936 युरोवर गेला. म्हणजे युनिटला जवळजवळ 94 सेंट, कर आणि वहन आकार वेगळेच. आम्ही नुकतीच इलेक्ट्रिक गाडी घेतली होती, घरी 11 किलोवॅटचा चार्जर बसवला होता, आणि बाजारभावाप्रमाणे बदलणारा डायनॅमिक दर घ्यावा असं माझ्या मनात होतं. "आता तरी नाद सोड," बायको म्हणाली. पण त्याच वर्षी 457 तास भाव शून्याच्या खालीही होता, आणि गाडी संध्याकाळी पाचलाच लावली पाहिजे असं थोडंच आहे?

1 जानेवारी 2025 पासून प्रत्येक पुरवठादाराला असा दर देणं बंधनकारक झालं. त्यासाठी दर पंधरा मिनिटांचा वापर कळवणारं स्मार्ट मीटर हवं. आमच्या तळघरात तबकडीचं जुनं मीटर. जानेवारीतच अर्ज केला. नियमाप्रमाणे चार महिन्यांत मीटर बसायला हवं होतं, पण मे संपला तरी "अर्ज मिळाला" याच्यापुढे उत्तर नाही. कायद्यातली मुदत दाखवून लेखी पत्र पाठवलं, तेव्हा कुठे तारीख मिळाली. मीटर बसलं, तर तळघरात मोबाइलची रेंज नाही! अँटेना खिडकीपाशी नेण्यासाठी दुसरी फेरी, आणखी पाच आठवडे. आकडे दिसू लागले ते ऑगस्टमध्ये. तुम्ही अर्ज करणार असाल तर आधी फोन घेऊन तळघरात उभे राहा.

आता दुपारी एकच्या सुमारास उद्याचे भाव कळतात, ऑक्टोबर 2025 पासून तर पंधरा-पंधरा मिनिटांचे. गाडी बहुतेक पहाटे नाहीतर उन्हाच्या रविवारी दुपारी चार्ज होते. भाव शून्यावर आला तरी वीज फुकट मिळत नाही, कारण बिलातला निम्म्याहून मोठा भाग वहन आकार आणि करांचा. हे मला खरंच खटकतं.

चार्जर 1 जानेवारी 2024 नंतर बसवलेला असल्यामुळे, विजेच्या जाळ्यावर ताण आला तर तो 4.2 किलोवॅटपर्यंत कमी करायचा अधिकार वितरण कंपनीला आहे. पूर्ण बंद करायचा नाही. बदल्यात वहन आकारात सवलत. भारनियमनात वाढलेल्या मला सुरुवातीला याचीच धास्ती होती. मग हिशेब केला: 4.2 ने आठ तासांत 33 युनिट जातात. सकाळी कामावर जायला भरपूर झाले.

खालच्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "मीही घेऊ का हा दर?" त्यांच्याकडे गाडी नाही, घर गरम करणारा विजेवरचा हीट पंप नाही, आणि स्वयंपाक सहालाच, भाव चढलेला असतो तेव्हा. मी स्पष्ट नको म्हटलं. स्थिर दराचा, वर्षभराचा करार आम्ही त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून भरला.